वीज पडली नव्हती: आमच्या डोंगरातल्या वणव्याची हकीगत



होळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपारी अडीचचा सुमार असेल. मी भेंडीच्या वाफ्यात पाणी सोडत होतो. तेवढ्यात खालच्या रस्त्याच्या बाजूने धूर दिसला. पश्चिमेचा वारा सुटला होता. बघता बघता गवत धरत आग चढावर आली. पेंढ्याची उडवी गेली. आंब्याची अकरा कलमं होरपळली, त्यातली चार आता फुटतायत, बाकीची गेलीच म्हणायची. आग घरापासून तीस पावलांवर थांबली. आम्ही सहा-सात जण हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो हे खरं, पण ती आमच्या जोरावर थांबली नाही. मध्ये भेंडीचा ओला वाफा होता म्हणून थांबली.

संध्याकाळी सगळे ओट्यावर टेकले. अंगाला राख, डोळे लाल. एक जण म्हणाला, "वीज पडली असेल कुठेतरी."

मार्च महिना. आभाळात बोटभर ढग नाही. कसली वीज? पण कोणी काही बोललं नाही. मीही गप्प बसलो, कारण दरवर्षी माघात घराभोवती गवत काढून पट्टा साफ करतो, तो यंदा मी केलाच नव्हता. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. विजेवर ढकललं की सगळेच सुटतात. लावणाराही सुटतो आणि तयारी न करणाराही.

म्हणून ही नोंद जरा लांब लिहितोय. आपल्याकडे डोंगर कोण पेटवतं, पूर्वी तो कोण सांभाळायचं आणि ते सांभाळणं कुठे हरवलं, हे मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

विजेने वणवा लागतो का?

लागतो. मी स्वतः बघितलंय. मी आठवीत होतो. मे संपत आला होता. संध्याकाळी ढग भरून आले आणि पाड्याच्या वरच्या अंगाला एका ताडावर वीज पडली. शेंडा मशालीसारखा पेटला. जळती झावळी खाली वाळक्या गवतात पडायला लागली. वडील आणि चुलते कुदळ-फावडी घेऊन धावले. पण ते ताडाकडे गेले नाहीत. ताडापासून वीसेक पावलं लांब राहून त्यांनी भोवती गोल खरवडायला घेतलं. गवत मुळासकट काढून माती उघडी केली. बाकीचे ओली गोणपाटं घेऊन त्या गोलाच्या बाहेर उभे. आतलं जळू दिलं. अर्ध्या तासात पाऊस आला आणि उरलेलं विझलं.

आजी म्हणाली, "वीज आपलं पाणी घेऊन येते."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मला घेऊन तिथे गेले. खोडाच्या बुंध्यात राखेवर हाताची पालथी बाजू धरून बघितली. एका ठिकाणी अजून ऊब होती. तिथे दोन हंडे पाणी ओतलं. मला तेव्हा वाटलं, एवढा पाऊस झाला, आता काय बघायचं? पुढे वाचनात आलं की जगभर वणवा विझवणारे लोक हेच करतात. विजेची आग खोडात, मुळात दोन-चार दिवस, कधी त्याहूनही जास्त, धुमसत राहते आणि ऊन-वारा मिळाला की पुन्हा उठते. म्हणून विझलेल्या जागेवर हात फिरवून बघितल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

आजीचं म्हणणं आपल्या मुलखापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे विजा कडाडतात त्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा परतीच्या पावसात. वळवात गवत वाळलेलं असतं, पण बहुतेक वेळा विजेबरोबर पाणीही येतं. परतीच्या वेळी तर सगळं हिरवंच असतं. खरा वाळलेला काळ जानेवारी ते मे, आणि त्यातले पहिले तीन-चार महिने आपलं आभाळ कोरडं असतं. वनखातं आगीचा हंगाम धरतं तो 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्यातला बहुतेक काळ वीज नसतेच. आपल्या देशातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, हे जंगलाचे जाणकार वर्षानुवर्षं सांगतायत.

परदेशात तसं नाही. तिथे कोरडी वीज हा प्रकार आहे. ढगातून पाऊस सुटतो, पण खालची हवा एवढी कोरडी असते की थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाळून जातात. वीज मात्र पोचते. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अशा हजारो विजा चार-पाच दिवसांत पडल्या. त्यातल्या एकाच भागातल्या 38 आगी पुढे एकमेकींत मिसळल्या आणि 10 लाख एकरांहून जास्त रान जळालं. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर. त्याच्या चाळीसपट झालं हे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येला ऑक्टोबर 2019 मध्ये विजेने लागलेली एक आग महिनोन्‌महिने चालली आणि 5 लाख हेक्टरच्या वर गेली.

तिथे वीज थांबवता येत नाही, म्हणून ते लोक घर कसं वाचेल याचा अभ्यास करतात. आपल्याकडे आग माणसाची, म्हणजे ती थांबवता येण्यासारखी. मग आपण जास्त पुढे असायला हवं होतं. एके काळी आपण होतोही.

राब: आगीची शाळा

ठाणे, कुलाबा आणि आमची साष्टी, या भातपट्ट्यात राब भाजल्याशिवाय दाढ होत नसे. आमच्या पट्ट्यातल्या तरुण पोरांना हा शब्दही आता माहीत नाही, म्हणून सांगतो. एका एकराच्या लावणीला चार गुंठे दाढ लागते. त्या जागेवर आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांची छाटलेली कवळं, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात हे भाजायचं. मग पावसाच्या तोंडावर बी पेरायचं.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. एक, वर माती घालायची, म्हणजे भडका होत नाही, आग खालच्या खाली धुमसते आणि माती तापते. दुसरी, पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाला. म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर, उलटी, हळूहळू सरकते. वाऱ्याच्या पाठीवर बसून धावत नाही. भोवतीने हातभर पट्टा आधीच झाडून ठेवायचा. वारा पडलेला बघायचा. एक माणूस डहाळी घेऊन उभा राहायचा.

हे सगळं आजोबांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. दरवर्षी चार गुंठे आग सांभाळायची, तिथे वारा कळायचा, चढ कळायचा, कुठलं गवत कसं पेट घेतं ते कळायचं. तोच माणूस डोंगराला वणवा लागला की त्याच अकलेने पुढे जायचा.

राबाने पीक का सुधारतं याचा अभ्यासही जुना आहे. विलायतेहून आलेले डॉ. व्होल्कर यांनी भारतातल्या शेतीवर 1893 मध्ये जो मोठा अहवाल दिला त्यात राबाची चर्चा आहे. पुढे पुण्याच्या शेती कॉलेजात डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. नुसत्या राखेने होत नाही, मातीला बसणाऱ्या उष्णतेचंही मोठं काम आहे, असं त्यात दिसलं. तणाचं बी मरतं हे तर आपण डोळ्यांनी बघतो.

कायदा आला

1864 मध्ये इंग्रजांनी देशाचं वनखातं उभं केलं. त्यांच्या लेखी जंगल म्हणजे सागाचं लाकूड आणि आग म्हणजे त्याचा शत्रू. त्याच दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पियर्सन यांनी आग पूर्ण बाहेर ठेवून दाखवली. जंगलात पट्टे काढायचे, ते वेळेत जाळून साफ ठेवायचे आणि पहारा बसवायचा. जाळरेषा म्हणतो ती पद्धत सरकारी झाली ती अशी.

1878 चा वन कायदा आला. जंगलं राखीव झाली. राबासाठी कवळ तोडणं, पातेरा आणणं, गुरं चारणं यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. 1887 ला त्याचा अहवाल आला. त्या भांडणात राबाचा हक्क हा मोठा मुद्दा होता. आमची साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो 1920 मध्ये.

मी सरकारची बाजूही समजू शकतो. कवळासाठी झाडं बोडकी व्हायची हे खोटं नाही. राबातून आग निसटायची हेही खोटं नाही. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरला, ते कलम 26 पुढे 1927 च्या कायद्यात आलं आणि आजही आहे. त्याच कायद्याच्या कलम 79 मध्ये असंही आहे की जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आग लागल्यावर खबर द्यायची आणि विझवायला मदत करायची.

पण ज्याचा हक्कच आटत गेला तो कशासाठी धावेल? "सरकारचं रान आहे, सरकार बघेल." हे वाक्य तिथून सुरू झालं असं मला वाटतं. मार्चमध्ये माझ्याही मनात तेच होतं.

गंमत अशी की आग पूर्ण बंद करणं हे जंगलालाही सगळीकडे मानवलं नाही. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात आग थांबवली तर सागाची नवी रोपंच उठेनात, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वनाधिकाऱ्यांनी बऱ्याच भागातलं संरक्षण उठवलं. अमेरिकेने हाच धडा उशिरा घेतला. तिथे ऑगस्ट 1910 मध्ये दोन दिवसांत 30 लाख एकर जळालं, 80 च्या वर माणसं मेली, त्यात बहुतेक विझवायला गेलेलीच. त्या आगीत एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या चाळीसेक माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंबून बहुतेकांना वाचवलं. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असं जे हत्यार तिथले विझवणारे आजही वापरतात, त्याला त्याचंच नाव आहे. त्या आगीनंतर तिथल्या खात्याने धसका घेतला आणि 1935 मध्ये नियम केला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत विझलीच पाहिजे. चाळीस वर्षं रानात पालापाचोळा साठत गेला. मग कळलं की छोट्या आगी दाबून आपण मोठ्या आगीचं सरपण जमवलं. 1970 च्या दशकात तो नियम सोडावा लागला.

आमचा डोंगर आणि शहर

आमच्या डोंगरात विहार तलाव झाला 1860 मध्ये, तुळशी 1879 मध्ये. मुंबईच्या पाण्यासाठी रान राखलं गेलं, म्हणून ते उरलं. 1949 मध्ये आरे दूध वसाहत आली, मुंबईतले गोठे इकडे हलवायला. 1957 पर्यंत मुलुंड आणि दहिसर महापालिकेत गेले. 1969 मध्ये आरेची दोन हजारांवर हेक्टर जमीन वनखात्याकडे गेली आणि राष्ट्रीय उद्यान वाढलं. आरेत आजही 27 पाडे आहेत, बहुतेक वारली. उद्यानाच्या आतही पाडे आहेत. म्हणजे पाडा तिथेच राहिला आणि मालक, कायदा, शेजार तेवढा बदलत गेला.

आता डोंगराच्या तिन्ही बाजूंनी शहर आहे. आग लागते ती रस्त्याच्या कडेला, कचऱ्यातून, विडी-सिगरेटच्या थोटकातून, पार्टीच्या चुलीतून, किंवा मुद्दाम. 3 डिसेंबर 2018 चा सोमवार इकडच्या कोणाला विसरता येणार नाही. संध्याकाळी सहानंतर गोरेगावात आयटी पार्कच्या मागच्या डोंगराला आग लागली आणि तीन-चार किलोमीटर पसरली. अग्निशमन दलाचे बंब आले, पण डोंगरावर बंब चढत नाही. जवानांना पायी चढावं लागलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती आटोक्यात आली. माणूस दगावला नाही, हे नशीब. तेव्हाही आभाळात वीज नव्हती.

त्या डोंगरात आणखी एक गोष्ट आहे ती शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसते. कारवी. ती दर आठ वर्षांनी फुलते आणि बी टाकून सगळी एकदम मरते. आमच्या इकडे 2016 ला फुलली, पुन्हा 2024 ला. फुलं बघायला गर्दी होते, पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात डोंगरभर वाळक्या काठ्या उभ्या असतात त्याकडे कोणी बघत नाही. पूर्वी त्याच काठ्या कुडाच्या भिंतीला यायच्या, वर शेणमाती लिंपली की सहज पेट घेत नसत. आता कूड कमी, पत्रा आणि ताडपत्री जास्त. ताडपत्रीवर एक ठिणगी पुरते.

घर कसं वाचतं

अमेरिकेतले जॅक कोहेन यांनी आयुष्यभर हेच तपासलं की वणव्यात घर का जळतं. त्यांचं सांगणं असं की बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत, उडून आलेल्या ठिणग्यांनी जळतात. घर आणि घराभोवतीची शंभरेक फूट जागा हीच घराचा निकाल लावते. माझ्या उडवीचं तेच झालं. आग पोचायच्या आधी ठिणगी पोचली.

मी यंदापासून जे करणार आहे ते लिहितो. तुम्हाला पटलं तर करा.

1. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की घराभोवती दहा फूट माती उघडी करायची. कुदळीने आणि झाडूने, जाळून नाही. जंगलाच्या हद्दीत तर काडी ओढायचीच नाही. जाळरेषा जाळणं आणि समोरून उलटी आग लावणं हे वनखात्याच्या माणसांचं काम आहे.

2. चढाच्या खालच्या बाजूला पट्टा जास्त रुंद. ढोबळ हिशोब असा की चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. आमच्याकडे दुपारी समुद्राचा वारा पश्चिमेहून येतो, म्हणून खालची आणि पश्चिमेची बाजू आधी.

3. उडवी, गोवऱ्या, सरपण घरापासून लांब आणि एकत्र नाही, वेगवेगळं. पत्र्यावरचा आणि पन्हाळीतला पाला फेब्रुवारीपासून आठवड्याला काढायचा.

4. हिरवं पीक घराच्या खालच्या बाजूला. पाणी असेल तर भेंडी, आळू, काहीही. त्याचा उपयोग मी डोळ्यांनी बघितला.

5. आग लागली तर आधी म्हातारी माणसं, पोरं आणि गुरं बाजूला. गुरांची दावी सोडायची. मग फोन. वणवा झोडपायचा तो कडेने आणि जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही.

6. विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हाताची पालथी बाजू राखेवर धरून बघायची.

उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षण मोबाइलवर सूचना पाठवतं, ती नोंदवून घ्या. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो, गवताची आग तेवढ्यात डोंगर उतरून जाते. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप ठेवा. वणव्यापेक्षा जीव वाचवायला ते जास्त कामाचं आहे. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं विजेने जातात, त्यात शेतात काम करणारेच जास्त. कडाडायला लागलं की ताडामाडाखाली थांबू नका.

राब पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. झाडं उरली नाहीत आणि धूरही परवडत नाही. गादीवाफ्यावर, चटईवर रोपं चांगली होतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्राने तर रोप न करता भात टोकतात. राब गेला त्याचं मला दुःख नाही. राबाबरोबर आग ओळखणारा माणूस गेला, त्याचं आहे. वारा कुठून आहे, चढ कुठे आहे, गवत कुठे वाळलंय, हे बघायला काडी ओढावी लागत नाही.

परवा मी त्या ओट्यावरच्या मंडळींना सांगितलं की वीज पडली नव्हती, आणि पट्टा मी काढला नव्हता. जरा शांतता झाली. मग एक जण म्हणाला, "माझाही राहिलाच होता." आता ठरलंय, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून पाड्याच्या खालच्या बाजूने पट्टा काढायचा. कुदळी आहेत. माणसं किती येतात ते तेव्हा कळेल. कळवीन.

तुमच्याकडे राब कसा भाजायचे आणि जाळरेषेला काय म्हणतात, तेही सांगा. जुनी माणसं आहेत तोवर विचारून ठेवलेलं बरं.